उन्हात वाळत घातलेले सेल

आमच्या दांडीपासून तारापूरचं अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर. 28 ऑक्टोबर 1969 ला तिथली वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. देशातली पहिली अणुवीज! आणि तरीही 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पालघर जिल्ह्यातली गावंच्या गावं अंधारात बसली होती. वीज कितीही जवळ तयार होवो, ती येते खांबावरून, आणि खांब पडतो. शिवाय नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे जमीन हादरायला लागली, ती भीती वेगळीच.

माझ्या पुतण्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. त्याच्या मनात आलं की मोबाइलचे टॉवर गप्प झाले तर गावाकडे बाहेर निरोप धाडायचं एखादं साधन असावं, तेही खांबावर अवलंबून नसलेलं. सेट त्याने घेतला होता, 5 वॅटचा, पिशवीत मावणारा. अडलं होतं ते विजेपाशी. "काका, सोलर कसलं घेऊ? बॅटरी केवढी?" मला! उभं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेल्या माणसाला! मग मी माझ्या पद्धतीने शोध सुरू केला, म्हणजे मागे मागे गेलो.

तर गंमत अशी, की सौरवीज आणि रेडिओ ही जन्मापासूनची भावंडं निघाली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन नावाच्या माणसावर काम सोपवलं होतं ते टेलिफोनचं. उष्ण, दमट मुलखात कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, त्यांना काहीतरी पर्याय शोधायचा होता. (उष्ण आणि दमट! आमच्या किनाऱ्याचं वर्णनच की हे.) त्यातून चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा सौरघट केला आणि 25 एप्रिल 1954 ला तो जगाला दाखवला. अंगावर पडलेल्या उन्हापैकी 6 टक्क्यांच्या आसपास वीज तो देत असे. त्यावर त्यांनी काय चालवून दाखवलं? खेळण्यातला आकाशपाळणा, आणि एक रेडिओ ट्रान्समीटर.

याच सुमाराला आपल्याकडे काय होतं पाहा. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने 150 गावांत रेडिओ मंडळं भरवली. लोकांनी एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायची. मोठा नावाजलेला प्रयोग होता तो. पण वीज नसलेल्या खेड्यात सार्वजनिक रेडिओ म्हटला की बॅटरी आलीच. ती उतरली की मंडळी नुसतीच बसणार. पुढे ट्रान्झिस्टर आले. आमच्या पिढीला आठवत असेल, आवाज बारीक झाला की सेल काढून उन्हात ठेवायचे. ऊब लागली की बिचारे अजून थोडा वेळ चालायचे. सौरऊर्जेचा आमचा पहिला प्रयोग म्हणायचा तो :)

पण पुतण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला आकाशात सापडलं. 17 मार्च 1958 ला अमेरिकेचा व्हॅनगार्ड-1 हा इवलासा उपग्रह वर गेला. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक बॅटरीवरचा आणि एक सौरघटांवरचा. बॅटरीवरचा जूनमध्येच बंद पडला. सौरघटांवरचा 1964 च्या मेपर्यंत बोलत राहिला.

दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. हौशी रेडिओवाल्यांनी स्वतः बांधलेला ऑस्कर-7 हा उपग्रह 15 नोव्हेंबर 1974 ला सुटला. 1981 साली त्याची बॅटरी शॉर्ट झाली आणि तो मुका झाला. लोक त्याला विसरूनही गेले. आणि 21 जून 2002 ला एकाएकी त्याचा आवाज ऐकू आला! तब्बल एकवीस वर्षांनी! झालं होतं असं, की शॉर्ट झालेली बॅटरी पुढे आतून तुटली. मग पॅनलची वीज तिच्यात न जिरता थेट रेडिओला मिळू लागली. ऊन आलं की हा बोलणार, सावलीत गेला की गप्प.

आपल्या इस्रोने 5 मे 2005 ला हौशी मंडळींसाठी हॅमसॅट सोडला. तोही 2014 च्या जुलैत थांबला तो लिथियम-आयन बॅटरी गेल्यामुळे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी हौशी रेडिओचे निरोप पोचवण्यासाठी सुमारे एक किलोचा 'स्वयम्' बांधला. तो 22 जून 2016 ला गेला. त्याच्याही अंगावर पॅनल आणि पोटात बॅटरीच. आपल्या मराठी मुलांचं मला भारी कौतुक वाटतं. असो.

यातून मी काढलेला अर्थ असा: पॅनल दगा देत नाही, आधी जाते ती बॅटरी. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला आणि भुजला 26 जानेवारी 2001 ला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले मदतीला धावले होते. त्या काळी असं काम चालायचं गाडीच्या बॅटरीवर, नाहीतर जनरेटरवर. जनरेटर म्हणजे आणखी एक काळजी, रस्ता बंद असेल तर पेट्रोल आणायचं कुठून?

पुतण्याचा बेत होता 12 अ‍ॅम्पिअर-तासांची एकच बॅटरी घ्यायचा. मी म्हटलं, 6 च्या दोन घे. त्याने वहीत हिशेब मांडला. नुसतं ऐकताना सेट साधारण 0.4 अ‍ॅम्पिअर घेतो, बोलताना 2. दिवसात दहा तास ऐकलं आणि सगळा मिळून एक तास बोललं, तर झाले 6 अ‍ॅम्पिअर-तास. म्हणजे एक बॅटरी एक दिवस. प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा. शिसे-अ‍ॅसिडची तेवढीच बॅटरी दुपटीहून जड असते आणि तिची निम्मीच वीज वापरावी म्हणतात.

दोन बॅटऱ्यांचा आणखी एक फायदा त्यानेच हेरला. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. त्यातला एमपीपीटी नावाचा प्रकार ऊन चांगलं पिळून घेतो, पण आतलं सर्किट सारखं चालू-बंद होत असल्यामुळे लघुलहरींवर खरखर करतो. आधीच क्षीण आलेला आवाज त्या खरखरीत बुडणार. दोन बॅटऱ्या असल्या की एक लांब अंगणात पॅनलला लावायची, दुसरीवर सेट चालवायचा. संध्याकाळी अदलाबदल.

पॅनलवर मात्र आमचं जमेना. स्वच्छ उन्हात 30 वॅटचं पॅनल दिवसाची गरज भागवतं. पण मेअखेरचं वादळ किंवा जुलैतलं आभाळ म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्श्याचीही खात्री नाही. मी 60 चं घे म्हणतो, तो म्हणतो मग उचलून नेणार कोण? घडीचं कापडी पॅनल हलकं, पण त्याच्या शिवणीत आणि जोडात खारा वारा शिरला की हिरवं किटण धरतं. आमच्याकडे बोटीवरच्या वायरलेसच्या तारांचं काय होतं ते रोज बघतोच आम्ही. शेवटी काचेचं, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं 30 चं एक घ्यायचं ठरलंय, जोडांना ग्रीस लावून. दुसरं तसलंच पुढच्या पावसाळ्याआधी घेऊ म्हणतोय. तोवर दोन्ही बॅटऱ्या महिन्याला एकदा तपासायचं काम माझ्याकडे आलंय. शाळेच्या जुन्या हजेरीपटात एक पान आखून घेतलंय त्यासाठी.