‘सावकारी पाश’ : एका मूकपटाची कहाणी

ग्वाल्हेरच्या मराठी समाजातील अनेक घराण्यांचे मूळ घाटावरच्या खेड्यांत आहे. शिंदे घराण्याचे कण्हेरखेडही सातारा जिल्ह्यातलेच. तशा खेड्यांतील कुणब्याचे कर्जबाजारीपण पडद्यावर आणण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांना द्यावे लागते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ सालचा.

विषय जुनाच होता. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि पुणे-नगर भागांत दंग्याचे लोण पसरले. दंगेखोरांचा रोख धनापेक्षा दस्तऐवजांवर अधिक होता. सावकारांकडून खतपत्रे हिसकावून घ्यावयाची व त्यांची होळी करावयाची, एवढेच पुष्कळ ठिकाणी घडले. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे सावकारच जाणे! १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला; १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सावकारी मात्र चालूच राहिली.

चित्रपटाची कथा नारायण हरी आपटे यांची. लबाड सावकार शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो आणि देशोधडीला लागलेला तो शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पेंटर हे मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवीत ते या धंद्यात आले. छायाप्रकाशाची त्यांची जाण येथे दारिद्र्याच्या कामी आली. अंधुक उजेडातील झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे हे दृश्य जे. बी. एच. वाडिया यांना पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. आवाज नसलेल्या चित्रपटातील ते रडणे!

कर्ज ही गोष्ट स्वतः पेंटरांनाही परकी नव्हती. कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर. या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ग्वाल्हेरच्या संगीतप्रेमींस हा तपशील सुखावणारा वाटेल. एक गायिका कलावंताला पैसा देते आणि तो कलावंत सावकारीवर चित्रपट काढतो, हा योग विलक्षण खरा.

त्याच वर्षी रशियात आयझेनस्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ तयार झाला. त्यामागे क्रांतीनंतरचे सरकार होते. पेंटरांपुढे तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता, आणि त्याची आवड देवादिकांच्या व इतिहासातील वीरांच्या कथांची. चित्रपटाला अपेक्षित आश्रय मिळाला नाही व कंपनी पुन्हा जुन्या वाटेकडे वळली. प्रेक्षकांना यात दोष देणे सोपे आहे. परंतु दिवसभर देणेकऱ्यांची तोंडे चुकवून आलेल्याने रात्री पैसे मोजून तेच का पाहावे, हाही प्रश्न उरतो.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. पेंटरांचे मन मात्र या कथेत गुंतलेले असावे, कारण १९३६ मध्ये बोलपटाच्या रूपाने त्यांनी ती पुन्हा पडद्यावर आणली. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. तो ज्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणींच्या पानांतच आता ती झोपडी व ते कुत्रे शोधावे लागते.