संधिवाताची खात्रीची माहिती इंटरनेटवर कशी शोधायची?

आईचे गुडघे दुखायला लागले की घरातलं कोणीतरी मोबाइल काढतं आणि 'संधिवात उपाय' असं टाइप करतं. मग समोर येतात तेलांच्या जाहिराती, 'सात दिवसांत गुडघेदुखी गायब' असे व्हिडिओ आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या पथ्याच्या याद्या. यातली बरीच गडबड आपण टाकलेल्या शब्दामुळेच होते.

१. आधी आजाराचं नेमकं नाव शोधा

मराठीत आपण जवळपास सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतो. प्रत्यक्षात आर्थरायटिसचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. नेहमी दिसणारे तीन:

• ऑस्टिओआर्थरायटिस: सांध्यातल्या कूर्चेची झीज. गुडघ्याला जास्त होतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं यांचा उपयोग होतो.
• ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस: शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर हल्ला करते. औषध लवकर सुरू झालं नाही तर सांधे कायमचे खराब होऊ शकतात.
• गाऊट: युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठतात. बऱ्याचदा पायाचा अंगठा सुजतो. कलेजी आणि बिअर टाळायला सांगतात ते यात.

म्हणजे गाऊटची पथ्याची यादी झिजलेल्या गुडघ्याच्या कामाची नाही. डॉक्टरांच्या फाइलवर कोणतं नाव लिहिलंय ते बघा आणि तेच इंग्रजी स्पेलिंगसह सर्च करा.

२. कुठे वाचायचं?

• मेडलाइनप्लस: अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मोफत साइट. जाहिराती नाहीत, भाषा सोपी.
• एनएचएस: ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची साइट. लक्षणं, तपासण्या आणि उपचार थोडक्यात कळतात.
• आर्थरायटिस यूके (आधीचं नाव व्हर्सस आर्थरायटिस): ब्रिटनमधली सेवाभावी संस्था. व्यायाम आणि रोजची कामं यांवर चांगली माहिती आहे.

सर्च करताना आजाराच्या नावापुढे साइटचं नाव लिहिलं की थेट तिथलं पान वर येतं. पुस्तकच हवं असेल तर केट लोरिग आणि जेम्स फ्राइज यांचं 'द आर्थरायटिस हेल्पबुक' बघा. दुखणं सांभाळत रोजचं आयुष्य कसं जगायचं, हाच त्याचा विषय आहे.

३. इंग्रजी जड जात असेल तर

क्रोममध्ये पान उघडा, वरच्या तीन टिंबांवर जाऊन ट्रान्सलेट निवडा आणि भाषा मराठी करा. मजकूर समजण्यापुरता ठीक येतो. पण औषधाचं नाव, डोस आणि 'रोज की आठवड्यातून एकदा' या गोष्टी अनुवादावर अजिबात सोडू नका. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

४. पानावर विश्वास ठेवण्याआधी

• कोणी लिहिलंय आणि कधी अपडेट केलंय?
• शेवटी काही विकायला ठेवलंय का?
• 'कायमचा बरा' किंवा 'डॉक्टरांची औषधं बंद करा' असं लिहिलंय का? तसं असेल तर पान तिथेच बंद करा.

लेबल नसलेल्या पुड्यांपासूनही लांब राहा. अशा काही औषधांत लपवून मिसळलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे. त्याने आराम लगेच वाटतो, पण न कळत घेत राहिल्यास नुकसान मोठं होतं.

५. बोटंच दुखत असतील तर

टाइप करण्याऐवजी माइकचं बटण दाबून बोला. फोनच्या सेटिंगमधून अक्षरं मोठी करा आणि फोन स्टँडवर ठेवा. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'सिलेक्ट टू स्पीक' सुरू केलं की फोन मजकूर वाचूनही दाखवतो.

वाचताना पडलेले दोन-तीन प्रश्न कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. आणि सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर वाचत बसू नका. संधिवाततज्ज्ञांची वेळ आधी घ्या.