आपण मोजलं तरी काय?

१९५६ साली आयबीएमची रॅमॅक आली तेव्हा हिशेब सरळ होता. ५० तबकड्या, सुमारे ५० लाख अक्षरं, आणि हवी ती नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद. वाचणारा हात हलायचा, तेवढा वेळ लागायचा.

पुढे मेमरी वाढली, आणि ऑपरेटिंग सिस्टिम वाचलेली फाइल मेमरीतच धरून ठेवू लागली. झालं असं, की डिस्क मोजायला निघालेले आपण मेमरी मोजून परत यायला लागलो! १९९० च्या सुमारास टिम ब्रे यांच्या ‘बॉनी’नं साधा उपाय धरला: चाचणीची फाइल मेमरीपेक्षा बरीच मोठी घ्या. नंतर जेन्स ॲक्सबो यांच्या ‘एफआयओ’त मेमरी टाळून थेट डिस्कला गाठायची सोयही आली.

मग एसएसडीनं नवा चकवा दिला. कोरी असताना ती सुसाट, लिहून भरली की मंदावते. म्हणून आधी ती पूर्ण भरायची, वेग स्थिरावू द्यायचा, मगच आकडा टिपायचा. आणि नुसती सरासरी नको, सर्वांत उशिराचं उत्तरही बघायचं. कारण रांगेतला माणूस खोळंबतो तो त्याच क्षणी.

सत्तर वर्षांचा हा इतिहास आपल्याला एवढंच सांगतो: आकडा पुढे आला, की आधी विचारायचं, मोजलं नेमकं काय?