जांभळा टोमॅटो आणि आजीचं भेदरं

परवा मित्राच्या परसात काळपट-जांभळे टोमॅटो दिसले. म्हटलं, "सडले काय रे?" तो हसला. "चेरोकी पर्पल आहे भाऊ, बी मागवलं होतं." बातमीदाराची खोड, रात्री वाचत बसलो.

१९९० साली अमेरिकेत क्रेग लेहूलियर या बियांच्या छंदिष्टाला टेनेसीतल्या एका अनोळखी माणसाने पाकिटातून बी पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं, हे वाण शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आलंय. वाणाला नाव नव्हतं, ते लेहूलियरने दिलं. त्या जुन्या दाव्याला चिठ्ठीपलीकडे पुरावा नाही.

चेरोकींचं काय झालं याला मात्र भरपूर पुरावा आहे. १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन १८३८-३९ मध्ये सैन्य लावून त्यांना त्याच मुलखातून हाकललं. वाटेत सुमारे ४,००० माणसं मेली असं मानतात. जमीन गेली, नाव टोमॅटोवर उरलं.

या टोमॅटोचा रंग का वेगळा? पिकताना त्यातलं हरितद्रव्य जात नाही. लालात हिरवा मिसळला की असा काळपट दिसतो. साल पातळ, लवकर तडकते, ट्रकचा प्रवास सोसत नाही. म्हणजे हा बाजाराचा माल नाहीच. परसात कुणीतरी दरवर्षी बी धरलं म्हणून तो टिकला.

आता आपलं बघा. आमची आजी वऱ्हाडातली. चपटं, वळ्यांचं, आंबट भेदरं लावायची. पहिल्या बहरातलं चांगलं फळ झाडावरच पिकू द्यायची, बी राखेत चोळून वाळवायची. ती गेली, आम्ही हायब्रीडची पुडी आणली. हायब्रीडचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत, म्हणून पुन्हा पुडी. आजीचं वाण कधी संपलं, घरात कुणाला कळलंही नाही. मलाही नाही, आणि मी म्हणे पत्रकार!

हायब्रीडला शिव्या देत नाही. उत्पन्न त्यानेच मिळतं, कर्ज त्यानेच फिटतं. पण २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा हक्क दिलाय. अकोल्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० ला पद्मश्री मिळाली. आपल्याला बँक नको, बांधावर दोन झाडं पुरेत.

कुणाच्या घरी जुनं भेदरं अजून असेल तर कळवा. चिमूटभर बी द्या. सोबत चिठ्ठी लिहा, कुणी जपलं त्या बाईच्या नावासकट.