ओमाहा शिसे-प्रदूषण क्षेत्र
अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहराचा पूर्वेकडील निवासी भाग. मिसूरी नदीकाठी १८७० च्या दशकात उभा राहिलेला शिसे-शुद्धीकरण कारखाना १९९७ मध्ये बंद झाला, पण त्याच्या धुराड्यांतून उडालेली धूळ हजारो घरांच्या अंगणांत मुरली होती. शिसे कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात टिकून राहते आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊन मेंदूच्या वाढीवर कायमचा आघात करते. २००३ मध्ये हे क्षेत्र अतिप्रदूषित जागांच्या सफाईसाठीच्या ‘सुपरफंड’ या सरकारी कार्यक्रमाच्या यादीत आले. दशलक्ष भागांत ४०० हून अधिक शिसे असलेली माती खणून तेथे स्वच्छ माती भरली, हिरवळ लावली. घरांवरील जुन्या शिसेयुक्त रंगाचाही बंदोबस्त करावा लागला, नाहीतर पोपडे गळून नवी मातीही दूषित झाली असती. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासणीची मर्यादा २०० वर आणल्याने पूर्वी वगळलेल्या अंगणांचा प्रश्न रास्तपणे पुन्हा उभा राहिला.