वृत्तपत्रीय पुनरुक्ती व अब्रुनुकसानी

एखाद्या इसमाच्या लौकिकास बाध आणणारे विधान मुळात अन्य कोणी केलेले असले, आणि वृत्तपत्राने ते केवळ उद्धृत केले, वाचकाचे पत्र म्हणून छापले, दुसऱ्या पत्रातून उतरून घेतले किंवा ‘असे समजते’ या शब्दांच्या आडोशाने लोकांपुढे ठेवले, तरी छापणाऱ्यावर त्या विधानाची स्वतंत्र कायदेशीर जबाबदारी येते, हा भारतीय विधीतील प्रस्थापित सिद्धांत होय. मूळ वक्त्यावर फिर्याद झाली की नाही, किंबहुना तो सापडला तरी की नाही, यावर ती जबाबदारी अवलंबून नसते. कारण कायद्याच्या दृष्टीने अपकृत्य घडते ते विधान तिऱ्हाइताच्या कानी वा डोळ्यांपुढे पोहोचविण्यात, आणि प्रत्येक नवे प्रकाशन हे नवे पोहोचविणे असते. गावच्या पारावर दहा माणसांत बोललेली गोष्ट छापील पानावर येताच जिल्हाभर होते, ही वस्तुस्थिती ध्यानी घेतली म्हणजे या सिद्धांतामागील न्याय सहज पटतो. वृत्तपत्रास सामान्य नागरिकाहून अधिक संरक्षण नाही, हे तत्त्व ब्रह्मदेशातील आर्नोल्ड नामक संपादकाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, आणि भारतीय न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ मध्ये अब्रुनुकसानीची व्याख्या व तिचे दहा अपवाद होते; कलम ५०० मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती, आणि कलम ५०१ व ५०२ अन्वये बदनामीकारक मजकूर जाणूनबुजून छापणारा व विकणारा हेही त्याच शिक्षेस पात्र ठरत. १ जुलै २०२४ पासून हे सर्व भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये एकत्र आले असून शिक्षेच्या पर्यायांत समाजसेवेची भर पडली आहे. फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूदच घटनाबाह्य असल्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणी फेटाळले.

मराठी वृत्तपत्रसृष्टीत या विषयाचा मूलभूत दाखला म्हणजे १८८२ चे कोल्हापूर प्रकरण, ज्यास बर्वे प्रकरण असेही म्हणतात. ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघून जेमतेम वर्ष लोटले होते. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक हे दोघेही पंचविशीच्या आसपासचे तरुण शिक्षक होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस वेडसर ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी वार्ता महाराष्ट्रभर पसरली होती, आणि तिचा रोख संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्वे यांच्या हातची म्हणून जी पत्रे या तरुणांच्या समोर आली, ती खरी मानून त्यांनी आपल्या पत्रांतून कारभाऱ्यावर कडक आरोप केले. बर्वे यांनी मुंबईस फिर्याद दाखल केली. जामिनाची निकड पडली तेव्हा जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेट उरवणे यांनी तो भरला, ही गोष्ट त्या काळच्या मतभेदांच्या पार्श्वभूमीवर आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. चौकशीत पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, परंतु तीमुळे खटला संपला नाही, आणि १७ जुलै १८८२ रोजी दोघांस प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठ्या थाटाने स्वागत केले.

या खटल्याविषयी लिहिताना पुष्कळ लेखक दोघांच्या त्यागावरच थांबतात, आणि तो त्याग खरा होताही. परंतु विधीच्या अभ्यासकास त्यातून मिळणारा बोध वेगळा व अधिक कठोर आहे. टिळक-आगरकरांनी खोटे रचले नव्हते. दुसऱ्याने रचलेले खोटे त्यांनी सद्हेतूने प्रसृत केले होते, आणि राजाचा कैवार हा हेतू कितीही उदात्त असला तरी हस्ताक्षराची शहानिशा न करता एका माणसावर अघोर कृत्याचा आरोप छापणे कायद्याने क्षम्य मानले नाही. दंड संहितेतील ‘सद्भाव’ या शब्दाचा अर्थ निर्मळ मन एवढाच नाही. योग्य ती काळजी व सावधानता घेतल्याखेरीज केलेले कृत्य सद्भावाने केले असे मानले जात नाही, अशी व्याख्याच संहितेने दिलेली आहे. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्याविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये बहुमताने हेच धोरण कायम राखले: सद्भाव होता की नव्हता हा पुराव्याचा प्रश्न असून, सरकारी चौकशी अहवालाच्या आधारे खटला आरंभीच रद्द करणे योग्य नव्हे, असे सांगून त्याने उच्च न्यायालयाचा आदेश फिरविला. कोल्हापूरच्या महाराजांचे पुढे काय झाले, तर खटल्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे ज्या अन्यायाविषयी ओरड झाली तो सर्वस्वी काल्पनिक होता असे कोणी म्हणू नये, मात्र बर्व्यांवरील आरोप तेवढ्याने सिद्ध होत नाही.

पुनरुक्तीस पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अभय मिळते अशी क्षेत्रे मोजकी आहेत. न्यायालयातील कामकाजाचा व त्याच्या निकालाचा सारतः खरा वृत्तान्त हा चौथ्या अपवादात येतो. विधिमंडळाच्या कामकाजाविषयी प्रथम संसदेपुरता फिरोझ गांधी यांच्या पुढाकाराने १९५६ चा कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि पुढील वर्षीच्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१ क अन्वये राज्यांच्या विधानमंडळांनाही ते संरक्षण लाभले. यवतमाळचे जवाहरलाल दर्डा हे ‘लोकमत’चे मुख्य संपादक असताना, सरकारी निधीच्या अपहाराविषयी मंत्र्यांनी सभागृहात दिलेले उत्तर व त्यात घेतलेली नावे त्या दैनिकाने ४ फेब्रुवारी १९८४ रोजी छापली. त्यांपैकी एका इसमाने केलेल्या फिर्यादीतून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९८ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की वृत्तान्त सभागृहातील कथनाशी प्रामाणिक असून मंत्र्याचे म्हणणे खरे मानून लोकहितार्थ छापला होता, म्हणून तो अपराध नव्हे. जाहीर सभेतील भाषण, पत्रपरिषदेतील आरोप, तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून तोंडी मिळालेली माहिती यांना असे खास कवच नाही. तेथे पत्रकाराला सद्भावाच्या सामान्य अपवादावरच उभे राहावे लागते.

न्यायालयाच्या अवमानाच्या, म्हणजे या विषयाशी निगडित क्षेत्रातील एक प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो, कारण त्यातील दोन्ही व्यक्ती पुढे वर्धा जिल्ह्याच्या झाल्या. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशाने मुंबई उच्च न्यायालयास लिहिलेले पत्र ६ ऑगस्ट १९१९ च्या ‘यंग इंडिया’त टीकेसह प्रसिद्ध झाल्यावरून संपादक मोहनदास गांधी व प्रकाशक महादेव देसाई यांच्यावर कारवाई झाली. न्यायालयाने सुचविलेली माफी मागण्यास गांधींनी नकार दिला, आणि १९२० मध्ये दोघांस कडक समज देऊन सोडण्यात आले. १९३६ पासून दोघांचेही जीवन शेगाव, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामाशी, जोडले गेले. पत्र दुसऱ्याचे होते ही सबब तेथेही चालली नाही.

वर्धा जिल्ह्यात अब्रुनुकसानीचा हा कायदा व्यवहारात कसा येतो, त्याचा थोडा तपशील उपयुक्त आहे. ब्रिटिश अमदानीत हा जिल्हा मध्य प्रांतात होता. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर त्याच्या अधिकारक्षेत्रात, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत आला. नागपुरात छापलेले दैनिक पहाटेच आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर येथे वाटले जात असल्याने, जेथे वाचले जाते तेथे प्रकाशन झाले या न्यायाने तालुक्याच्या ठिकाणीही फिर्याद लागू शकते. हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र असल्याने पोलीस आपण होऊन तपास करीत नाहीत. बाधित इसमाला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे खासगी फिर्याद द्यावी लागते. आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असल्यास, म्हणजे संपादक नागपूरचा असल्यास, समन्स काढण्यापूर्वी चौकशी करणे २००५ च्या दुरुस्तीपासून आवश्यक झाले असून, २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने दखल घेण्यापूर्वी आरोपीस म्हणणे मांडण्याची संधीही दिली आहे. दूरच्या कोर्टांत एकाच मजकुरावर खेटे घालावे लागणे हीच कित्येकदा खरी शिक्षा असते, आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या तालुका वार्ताहरास ती संपादकापेक्षा जड जाते. म्हणून ही दोन्ही बंधने मला अत्यंत आवश्यक वाटतात.

संपादक म्हणून ज्याचे नाव अंकावर छापलेले असते, तो मजकुराची निवड करतो असे १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याच्या सातव्या कलमाने गृहीत धरले जाई. त्या गृहीतकाचा फायदा मुख्य संपादकास गोवण्यासाठी घेता येत नाही, तर त्याच्या प्रत्यक्ष सहभागाचे स्वतंत्र आरोप हवेत, असे के. एम. मॅथ्यू प्रकरणी १९९१ मध्ये ठरले. २०२४ पासून त्या कायद्याची जागा नियतकालिक नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली आहे.

दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्षाची आहे. तेथे विधान खरे असणे हा पूर्ण बचाव होतो. फौजदारीत मात्र खरेपणाबरोबर लोकहितही दाखवावे लागते. उलट दिवाणीत हेतूस फारसे महत्त्व नाही: एका दूरचित्रवाहिनीने २००८ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या घोटाळ्याच्या वृत्तात चुकीने माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र पंधरा सेकंद दाखविले, एवढ्यावरून पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये शंभर कोटी रुपयांची नुकसानभरपाई मंजूर केली. खुलासा व दिलगिरी यांनी रक्कम कमी होऊ शकते, आणि फौजदारी प्रकरण बाधित इसमाच्या संमतीने तडजोडीने मिटू शकते. परंतु छापलेला अंक परत बोलावता येत नसल्याने दिलगिरी वेळेवर, ठळक जागी व संदिग्धतेविना छापणे हे वृत्तपत्राच्या हातचे उरते.