रोजनिशी, सवयींची

रोजनिशी, सवयींची : झोप, चालणे, औषध, अभ्यास, खर्च, चहाचे कप अशा स्वतःच्या एखाद्या गोष्टीची रोजच्या रोज केलेली लेखी नोंद. मन मोकळे करण्याच्या डायरीपेक्षा ही वही रोखठोक असते. तिचे नाते साहित्यापेक्षा हिशेबाशी जवळचे. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी कारभाराच्या होत्या. घरात ही रीत भिंतीवर आली. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनात दुधाचे लिटर आणि कामवाल्या मावशींचे खाडे टिपणाऱ्या घरांना सवयींचा तक्ता निराळा शिकवावा लागत नाही.

पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी १९३२ साली ठेवलेली रोजनिशी या प्रकाराचा उत्तम नमुना आहे. कोणाला पत्रे लिहिली, सूत किती कातले, असा तिचा मजकूर. चिंतन जवळजवळ नाही. त्याच वेळी सोबत असलेले त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांची डायरी मात्र संभाषणांनी भरलेली आहे. एकाच तुरुंगातल्या या दोन वह्यांची कामेच वेगळी होती. नवशिक्याची वही बंद पडते ती बहुधा एकाच पानावर दोन्ही करायला गेल्यामुळे.

पुण्याजवळच्या दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि पुढे भोसरी, चाकणपर्यंत कारखाने. या पट्ट्यातल्या कामगाराला रोजची नोंद नवी नाही. मशीनच्या चेकशीटवर ऑइल लेव्हल, हवेचा दाब, साफसफाई, पहिल्या जॉबचे माप आणि शेवटच्या रकान्यात सही. पाळी संपली की पुढच्याला चार्ज. या कागदाचा जुना रोगही सर्वांना ठाऊक आहे : सगळ्या खुणा पाळी सुटताना एका दमात मारायच्या. मुरलेला सुपरवायझर तो कागद लांबूनच ओळखतो. एकच पेन, एकच तिरपा हात आणि तेलाचा एकही डाग नाही.

हाच रोग घरच्या वहीलाही लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना दिलेल्या डायऱ्यांमध्ये, वही केव्हा उघडली हे टिपणारा प्रकाशसंवेदक लपवला होता. रुग्णांच्या लेखी सुमारे ९० टक्के नोंदी वेळच्या वेळी झाल्या होत्या; संवेदकाच्या हिशेबाने ११ टक्के. रविवारी बसून भरलेला आठवडा म्हणजे नोंद नव्हे, आठवड्याविषयीचा अंदाज.

स्मरणशक्तीच्या बाजूने पाहता नुसते लिहिणे फारसे उपयोगी नाही. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षे स्वतःच्या आयुष्यातले सुमारे २,४०० प्रसंग टिपले आणि पुढे स्वतःचीच परीक्षा घेतली. काय, कोण, कुठे यांच्या आधाराने प्रसंग आठवत. नुसत्या तारखेने जवळजवळ काहीच नाही. म्हणून ‘मंगळवार, ठीक’ या नोंदीपेक्षा ‘दापोडी स्टेशनवर लोकल चुकली, शिंदेकाका भेटले’ ही नोंद टिकाऊ. पान उघडण्याआधी कालचा दिवस मनात आठवून पाहावा, मग ताडून घ्यावा. स्मरणाला व्यायाम मिळतो तो इथे.

सवय किती दिवसांत लागते? ‘२१ दिवस’ हे लोकप्रिय उत्तर निराधार आहे. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मध्यक ६६ दिवस आला. व्यक्तीगणिक अंदाज मात्र १८ पासून २५४ पर्यंत पसरले होते. एखादा खाडा पडल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसले. दिवसाला १०,००० पावले हा आकडाही वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाचे ते नाव होते. मोबाइलवरच्या अनेक तक्त्यांत असे आयते आकडे बसलेले असतात. ते आपले मानण्याचे कारण नाही.

फिरत्या पाळीच्या माणसाला ‘रात्री दहाला लिहा’ हा सल्ला कुचकामी. आठवड्याने पाळी बदलते आणि रात्रीचे दहा कधी घरी, कधी मशीनवर वाजतात. त्याने नोंद घड्याळाला न बांधता डबा खाण्याला किंवा कंपनीच्या बसला बांधावी, रकाने दोन-तीनच ठेवावेत आणि राहिलेला दिवस कोरा सोडावा. मागाहून भरू नये.